वाचक विचारतात : वीचॅट आणि वेइशिन ही एकच गोष्ट आहे का?

प्रश्न : माझी मुलगी नोकरीनिमित्त वर्षभरासाठी चीनमधल्या सूझौला जात आहे. तिथे व्हॉट्सअ‍ॅप चालत नाही, सगळे वीचॅटवर होते, असे तिला कळवण्यात आले आहे. पण तिथल्या सहकाऱ्यांच्या पत्रांत ‘वेइशिन’ असे नाव येते. ही दोन निराळी अ‍ॅप्स आहेत का? आणि आम्ही तिच्याशी बोलायचे कसे? (एक वाचक, सांगली)

उत्तर : अ‍ॅप एकच आहे, करार मात्र दोन आहेत. टेन्सेंट कंपनीने जानेवारी 2011 मध्ये ‘वेइशिन’ सुरू केले. या चिनी शब्दाचा अर्थ साधारणपणे ‘छोटासा निरोप’ असा होतो. पुढच्याच वर्षी परदेशी ग्राहकांसाठी त्याला ‘वीचॅट’ हे नाव मिळाले. चिन्ह तेच, संदेशही इकडून तिकडे विनासायास जातात, त्यामुळे वापरणाऱ्याला फरक सहसा जाणवत नाही. परंतु ज्याने चीनच्या मोबाइल क्रमांकावर खाते उघडले त्याचा करार शेन्झेनच्या कंपनीशी आणि चिनी कायद्यानुसार होतो, तर ज्याने इतर देशाच्या क्रमांकावर उघडले त्याचा करार सिंगापूरच्या कंपनीशी होतो. म्हणजे आपण कुठे उभे आहोत यापेक्षा आपले खाते कोणत्या क्रमांकावर जन्माला आले, याला इथे अधिक महत्त्व आहे. टोरांटो विद्यापीठातील सिटिझन लॅबने 2016 मध्ये केलेल्या तपासणीत असे आढळले, की चिनी क्रमांकावर उघडलेल्या खात्याला नंतर परदेशी क्रमांक जोडला तरी त्याच्या संदेशांना लागलेली सेन्सॉरची चाळणी तशीच राहते, आणि एखादा संदेश मध्येच गाळला गेला तर त्याची सूचना पाठवणाऱ्याला किंवा घेणाऱ्याला मिळत नाही.

आपल्या मुलीला तिथले सिमकार्ड पारपत्र दाखवून, खऱ्या नावानेच घ्यावे लागेल आणि त्या क्रमांकावर उघडलेले खाते वेइशिनचे असेल. ते तिने जरूर उघडावे, कारण कार्यालयातील निरोपांपासून दवाखान्यातील नोंदणीपर्यंत बहुतेक व्यवहार त्यातच, 2017 पासून आलेल्या ‘अ‍ॅपमधल्या छोट्या अ‍ॅप्स’द्वारे होतात. पैसे देण्यासाठी वेइशिन आणि अलिपे या दोन्हींत 2023 पासून परदेशी बँकांची कार्डे जोडता येतात. दोनशे युआनपर्यंतच्या खरेदीवर शुल्क नाही, त्यावरील रकमेवर साधारण तीन टक्के लागतात. आपल्याकडे नव्याने मिळणारे कार्ड केवळ देशांतर्गत व्यवहारांपुरतेच सुरू असते, तेव्हा निघण्यापूर्वी बँकेकडून परदेशी वापर सुरू करून घ्यावा. ही गोष्ट विमानतळावर पोहोचल्यावर आठवणारे पुष्कळ असतात.

घरच्यांशी बोलण्याचा प्रश्न जरा अवघड आहे, कारण दार दोन्ही बाजूंनी बंद आहे. चीनमध्ये जीमेल 2014 च्या अखेरीस आणि व्हॉट्सअ‍ॅप 2017 मध्ये अडवले गेले, तर भारत सरकारने 29 जून 2020 रोजी ज्या 59 चिनी अ‍ॅप्सवर बंदी घातली त्यांत वीचॅटही होते. त्यामुळे ‘आम्हीही सांगलीत वीचॅट घेतो’ हा मार्ग उरत नाही. भारतीय सिमकार्ड रोमिंगवर चालू ठेवले तर त्यावरील इंटरनेट भारतातील कंपनीमार्फत फिरून येते आणि व्हॉट्सअ‍ॅप एरवीसारखेच चालते. रोजच्या गप्पांसाठी हा मार्ग महाग, पण खात्रीचा. दोघांकडे आयफोन असेल तर आयमेसेज आणि फेसटाइम तिथेही चालतात. आयफोनच्या बाबतीतही वर सांगितलेलाच नियम दिसतो : फेब्रुवारी 2018 पासून चीनमधील आयक्लाउडचा साठा ग्वेइझौ प्रांतातील एका कंपनीकडे गेला, पण तो अ‍ॅपल खात्यात ज्यांनी ‘चीन’ हा देश नोंदवला आहे त्यांचाच. तेव्हा मुलीने आपल्या खात्यातील ‘भारत’ बदलू नये.

प्रश्न : चिनी मुलांना दोउयिनवर विज्ञान दाखवतात आणि जगाला टिकटॉकवर नाच दाखवतात, असे नेहमी ऐकू येते. हे खरे आहे का? (एक शिक्षिका, नाशिक)

उत्तर : अर्धे खरे आहे. दोन्ही बाइटडान्स या कंपनीचीच. दोउयिन सप्टेंबर 2016 मध्ये चीनसाठी आले, टिकटॉक त्यानंतरच्या वर्षी बाहेरच्या जगासाठी. एकावरचे खाते दुसऱ्यावर चालत नाही आणि चीनमध्ये टिकटॉक मिळतच नाही. चौदा वर्षांखालील मुलांसाठी दोउयिनने सप्टेंबर 2021 मध्ये दिवसाला 40 मिनिटांची मर्यादा आणि रात्री दहा ते सकाळी सहा संपूर्ण बंदी लागू केली, आणि त्या ‘किशोर’ विभागात विज्ञानाचे प्रयोग, संग्रहालयांची दालने असे निवडक काही दाखवले जाते. नाव-वय ओळखपत्रावरून पडताळले जात असल्याने हा नियम केवळ कागदावर राहत नाही, तरी आजोबांच्या फोनवर नातवाला कोण अडवणार, हा प्रश्न तिथेही आहेच. मोठ्यांचे दोउयिन मात्र नाच, विनोद, स्वयंपाक आणि थेट प्रक्षेपणातून चालणारी विक्री यांनीच भरलेले असते. विक्रीच्या बाबतीत तर ते टिकटॉकच्या कितीतरी पुढे होते. फरक चिनी आणि परदेशी यांच्यात जेवढा सांगितला जातो, त्याहून अधिक तो चीनमधल्याच लहान आणि मोठ्या प्रेक्षकांत आहे. आपल्या ऐकीव गोष्टीत हा भाग नेमका गळून पडतो. हाँगकाँगमधून टिकटॉकने जुलै 2020 मध्ये काढता पाय घेतला, त्यामुळे चीनचाच भाग असूनही चीनबाहेरच्या यादीत असलेले ते शहर या बाबतीत अधांतरीच राहिले.

प्रश्न : गूगलच्या नकाशात शांघायचे रस्ते उपग्रहचित्रावर ठेवले की नदीत गेलेले दिसतात. ही चूक आहे का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : चूक नव्हे, कायदा आहे. चीनमध्ये प्रसिद्ध होणारे नकाशे सरकारने ठरवलेल्या, मुद्दाम हलवलेल्या निर्देशांकांवरच काढावे लागतात. हे सरकणे ठिकाणानुसार शंभर ते काहीशे मीटरपर्यंत असते. गूगलला रस्त्यांची माहिती तशा नकाशांवरून मिळते, उपग्रहाचे चित्र मात्र खऱ्या जागेवर असते, म्हणून दोन्हींचा मेळ बसत नाही. गाओद किंवा बाइदू या चिनी नकाशांत सगळेच एका मापाने सरकलेले असल्याने तिथे गाडी रस्त्यावरच दिसते. पहिल्या प्रश्नातील मुलीनेही सूझौत पत्ता शोधताना यांपैकीच एक नकाशा वापरावा.