बास्केटबॉलमध्ये शेवटच्या सेकंदाला बास्केट पडून मॅच जिंकली की प्रेक्षक इतके वेडे का होतात?

बास्केट पडते की नाही हे कळायच्या आधीच वेळ संपलेली असते, म्हणून. नियम असा की बझर (वेळ संपल्याचा भोंगा) वाजायच्या आधी बॉल हातातून सुटलेला हवा. मग तो रिंगमध्ये कधीही पडो, गुण धरतात. वेळ संपताच रिंगमागच्या बोर्डाच्या कडेचे लाल दिवे पेटतात, पण बॉल हवेतच असतो. तेवढा वेळ कोणाच्याच हातात काही नसतं.

१२ मे २०१९ चं घ्या. एनबीए या बास्केटबॉल लीगमध्ये टोरांटो विरुद्ध फिलाडेल्फिया, मालिकेची निर्णायक सातवी मॅच, ९०-९० बरोबरी. टोरांटोच्या कवाय लेनर्डने कोपऱ्यातून फिलाडेल्फियाच्या एम्बीडच्या उंच हातावरून बॉल फेकला. तो रिंगवर चार वेळा टप्पे खाऊन आत पडला. ९२-९०! आपल्याकडे तेव्हा सोमवारची सकाळ होती. फोंड्यातल्या आमच्या घरी मी भाजी-पाव हातात धरून ओरडलो, तर आई स्वयंपाकघरातून धावत आली, तिला वाटलं साप निघाला.

फुटबॉलवेड्या गोंयकारांना एवढंच सांगतो: फातोर्ड्याच्या स्टेडियमवर इंज्युरी टाइममध्ये गोल होतो ना, त्यानंतरही घड्याळ थोडं चालतं. इथे तेही नाही. बाय द वे, एम्बीड रडत बाहेर गेला, तेही बघा.