ट्रेनरनंतर थेट स्पिटफायर घेऊ नका

आपण विचारले आहे की, रिमोटने उडवायच्या मॉडेल विमानांपैकी फोमचे, वरच्या पंखाचे, चार चॅनेलचे (चार नियंत्रणांचे) ट्रेनर, म्हणजे शिकाऊ विमान, सहा महिने उडवून झाल्यावर दुसरे विमान म्हणून गायरो (विमान आपोआप स्थिर ठेवणारे उपकरण) बसवलेले स्पिटफायर हे लढाऊ विमानाचे मॉडेल घ्यावे का. माझे उत्तर असे की, घेऊ नये. मध्ये एक विमान घ्यावे आणि स्पिटफायर तिसरे असावे. एवढे लिहून थांबता आले असते. परंतु हाच प्रश्न मी 2017 च्या दिवाळीत आमच्या दाजींना विचारला होता आणि त्यांच्या उत्तरापायी एक विमान व अकरा महिने गमावले, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

दाजी माझ्या आधी दहा वर्षांपासून विमाने उडवत होते आणि ट्रेनरवर मला शिकवले तेही त्यांनीच. त्यांचे मत ठाम होते: ज्याला ट्रेनर उतरवता येते त्याला काहीही उतरवता येते, मधल्या विमानावर पैसे घालवणे व्यर्थ. त्यांनीच मला एकशे वीस सेंटिमीटर पंखांच्या बाल्साच्या (हलक्या लाकडाच्या) मस्टँग या लढाऊ विमानाचे किट आणून दिले. चार महिने मी ते माडीवर बसून बांधले. एकेक रिब (पंखाची आडवी फासळी) घासून बसवली, चांदीरंगी फिल्म इस्त्रीने ताणून चिकटवली, गुरुत्वमध्य पंखाच्या रुंदीच्या अठ्ठावीस टक्क्यांवर आणण्यासाठी बॅटरी तीनदा पुढे-मागे केली. सगळे वजन, सगळी मापे एका वहीत लिहून ठेवली होती. ती वही पुढे कामी आली.

मार्चमधल्या एका रविवारी सकाळी सांगलीबाहेरच्या मुरमाच्या पट्टीवरून ते उडवले. उड्डाण सुरेख झाले. दोन फेऱ्या झाल्या आणि तिसऱ्या फेरीत उतरवण्यासाठी थ्रॉटल (मोटरची शक्ती) कमी केला. शेवटच्या वळणावर विमान पट्टीच्या रेषेपलीकडे वाहत जाताना दिसले, म्हणून मी वळण घट्ट केले आणि नाक खाली जाऊ नये म्हणून एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची पट्टी) ओढला. ट्रेनरवर असे मी शंभरदा केले होते. मस्टँगचा डावा पंख एकदम गळाला. मी उजवा एलेरॉन (विमान कलवणारी, पंखाच्या मागच्या कडेची पट्टी) दिला, कारण ट्रेनरने मला तेच शिकवले होते, आणि विमान सावरण्याऐवजी पाठीवर उलटून सरळ उसाच्या फडात गेले.

ते शोधायला पाऊण तास लागला. उसाच्या पातीने दोन्ही हात कोपरापर्यंत चिरले होते. मोटर बसवलेली प्लायची भिंत मुळासकट उपटली गेली होती, मोटरचा दांडा वाकला होता आणि फाटलेल्या चांदीरंगी फिल्ममध्ये हिरव्या पातीचे तुकडे शिवल्यासारखे अडकले होते. दाजींनी ते सगळे पाहिले आणि म्हणाले, “हात कच्चा आहे तुझा. अजून वर्षभर ट्रेनरच उडव.” त्यांच्याबद्दल मला आदर होता, आजही आहे. म्हणूनच ते वाक्य लागले. अकरा महिने मी ट्रान्समीटरला, म्हणजे हातातल्या रिमोटला, हात लावला नाही.

पुढे एकदा माडी आवरताना ती वही सापडली आणि आधीच करायला हवा होता तो भागाकार मी तेव्हा केला. माझे ट्रेनर 840 ग्रॅमचे आणि त्याच्या पंखाचे क्षेत्रफळ 24 चौरस डेसिमीटर, म्हणजे प्रत्येक चौरस डेसिमीटरवर 35 ग्रॅम. मस्टँग 1540 ग्रॅमचे, पंख 22 चौरस डेसिमीटर, म्हणजे 70 ग्रॅम. भार नेमका दुप्पट. स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याच्या खाली पंख विमान पेलू शकत नाहीत तो वेग, या भाराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे मस्टँग सरळ उडतानाही ट्रेनरपेक्षा सुमारे चाळीस टक्के अधिक वेगाला स्टॉल होणार होते. त्यातच साठ अंश कलून, उंची राखून वळले की पंखांवरचा भार पुन्हा दुप्पट होतो आणि स्टॉलचा वेग आणखी चाळीस टक्क्यांनी चढतो. दोन्ही एकत्र धरले तर त्या वळणात माझ्या मस्टँगला ट्रेनरच्या स्टॉलच्या वेगाच्या दुप्पट वेग हवा होता, आणि मी ते ट्रेनरच्या वेगाने आणत होतो.

राहिले ते पंखाच्या आकाराने केले. लढाऊ विमानांचे पंख टोकाकडे निमुळते असतात. मॉडेलच्या आकारात ते अरुंद टोक मुळाच्या, म्हणजे पंखाच्या धडाकडच्या भागाच्या, आधी स्टॉल होते. पडणारा डावा पंख उचलण्यासाठी उजवा एलेरॉन दिला की डाव्या पंखाचा एलेरॉन खाली जातो, त्या टोकाचा हवेशी असलेला कोन अधिकच वाढतो आणि पंख आणखी गळतो. अशा वेळी आधी एलिव्हेटर सैल सोडायचा, थ्रॉटल द्यायचा, नाक रडरने (शेपटीच्या उभ्या पट्टीने) सरळ धरायचे आणि वेग आल्यावरच पंख समतल करायचे. हे मला कोणी शिकवले नव्हते आणि ट्रेनर ते शिकवूच शकत नाही. त्याच्या पंखांना वर उचललेला कोन असतो, त्यामुळे ट्रान्समीटरवरची स्टिक (दांडी) सोडली की ते आपले आपण समतल होते. सहा महिने त्यावर हात बसला म्हणजे अडचणीत स्टिक सोडून द्यायची सवय बसली, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपण स्पिटफायरचे नाव घेतले आहे म्हणून सांगतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाचा वैमानिकही ट्रेनरवरून थेट स्पिटफायरमध्ये बसत नसे. आधी टायगर मॉथ हे दुपंखी विमान, मग हार्वर्ड किंवा माइल्स मास्टर ही खालच्या पंखाची, अधिक शक्तीची प्रशिक्षण विमाने आणि त्यानंतर स्पिटफायर. त्यांच्या स्पिटफायरच्या पंखाला टोकाकडे पीळ दिलेला होता, जेणेकरून मुळाकडचा भाग आधी स्टॉल होऊन विमान थरथरावे आणि वैमानिकाला सूचना मिळावी. जमिनीवर उभे राहून पाहणाऱ्या आपल्यासारख्याला ती थरथर हाताला जाणवत नाही. मग ज्यांना सूचना मिळत होती त्यांनी न गाळलेली मधली पायरी आपण का गाळावी? हा प्रश्न मी दाजींना विचारला आहे. “ती खरी विमाने, ही खेळण्यातली,” असे त्यांचे उत्तर होते. स्टॉल दोन्हीकडे तसाच होतो, हे त्यांना आजतागायत पटलेले नाही.

आता दुसरे विमान कसे असावे ते लिहितो. पंख खाली किंवा मध्यावर असावा, मुळापासून टोकापर्यंत एकाच रुंदीचा असावा आणि त्याचा छेद वरून-खालून सारखा किंवा जवळपास सारखा असावा. पंखांची लांबी अकराशे ते तेराशे मिलिमीटर आणि भार दर चौरस डेसिमीटरला पंचेचाळीस ग्रॅमच्या आसपास, म्हणजे एकूण वजन हजार-अकराशे ग्रॅम. आपली ट्रेनरची तीन सेलची 2200 mAh ची बॅटरी त्यात बसली तर उत्तमच, खर्च वाचतो. फिल क्राफ्ट यांच्या ‘अग्ली स्टिक’ची रचना या कामासाठी मला सर्वांत चोख वाटते. ती दिसायला ओबडधोबड आहे, पण कलवाल तितकीच कललेली राहते आणि परत आणण्याचे काम आपल्यावर सोपवते. शिकायचे ते हेच. आपल्याला बांधण्याची हौस असेल तर फोम बोर्डात किंवा सनपॅकच्या (पोकळ प्लॅस्टिकच्या) शीटमध्येही ती होते. सनपॅकमध्ये वजन वाढते एवढे लक्षात ठेवावे.

सहा महिने झाले, हे विमान बदलण्याचे कारण होऊ शकत नाही. एकाच उंचीवर दोन्ही दिशांनी आठाचा आकडा काढता येतो का, थ्रॉटल पूर्ण बंद करून ठरवलेल्या जागी विमान उतरते का, भरपूर उंचीवर मुद्दाम स्टॉल करून एलेरॉनला हात न लावता ते सावरता येते का, हे पाहावे. सलग दहा लँडिंग पट्टीच्या आत झाली की दुकानात जावे. आमच्याकडे सकाळी दहा वाजल्यानंतर जमीन तापून वारा उठतो, तेव्हा त्यातली दोन-तीन तरी अशा वाऱ्यात झालेली असावीत.

गायरोबद्दल आपण विशेष विचारले आहे. गायरो झुळकीत विमान स्थिर ठेवतो, पण साध्या गायरोला हवेतला वेग कळत नाही. पंख पडू लागला की तो स्वतःच उलटा एलेरॉन देतो, म्हणजे मी केलेली चूक माझ्याहून लवकर करतो. त्याच्या भरवशावर जड विमान घेऊ नये.

काही गोष्टी मान्य केल्या पाहिजेत. हल्ली फोमची काही लढाऊ विमाने माझ्या मस्टँगपेक्षा बरीच हलकी असतात, आणि आकार मोठा असेल तर तेवढाच भार असलेले विमान अधिक शांत उडते. आपल्या शेजारी उभे राहून स्टिक हाती घेऊ शकेल असा अनुभवी माणूस असेल तर माझा सल्ला काहीसा सैल धरावा. हात कच्चा होता हेही मी नाकारत नाही. पण तो कच्चा आहे हे माहीत असणाऱ्यानेच ते किट निवडून दिले होते, हे माझे म्हणणे कायम आहे. पुढे मी ‘अग्ली स्टिक’ बांधली, दोन हंगाम उडवली आणि नंतर तेवढ्याच मापाचे दुसरे मस्टँग बांधले. ते आजही उडते, आणि शेवटच्या वळणावर मी त्याचा थ्रॉटल पूर्ण बंद करत नाही.

आपण पाहून ठेवलेल्या स्पिटफायरचे बॅटरीसह वजन आणि पंखाचे क्षेत्रफळ प्रतिक्रियेत लिहावे. भागाकार करून ते आपले तिसरे विमान होण्याजोगे आहे की नाही, तेवढे मी निश्चित सांगेन.