संज्ञापनाच्या (कम्युनिकेशनच्या) मूलभूत संकल्पना कोणत्या? शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के असतो, हे खरं आहे का?

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्या ७ टक्क्यांशी माझं जुनं भांडण आहे. नाही, हे खरं नाही. तुमच्या नोट्समध्ये तसं लिहिलं असेल तर त्यावर सरळ काट मारा.

मी अकरा वर्षं एका गोदामात माल रवाना करण्याचं काम पाहिलं. एका संध्याकाळी विक्री विभागातल्या साहेबांचा फोन आला. त्यांच्या मागे कुठलंसं यंत्र घरघरत होतं. "सकाळच्या गाडीत सात पेट्या टाका." मला ऐकू आलं साठ. मी "हो साहेब" म्हटलं, त्यांनी फोन ठेवला. वहीत ६० लिहिलं आणि रात्रपाळीच्या मुलांनी साठ पेट्या चढवल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी त्रेपन्न पेट्या परत आल्या, काही कोपऱ्यांवर दबलेल्या. साहेब सगळ्यांसमोर एकच वाक्य पुन्हापुन्हा म्हणत होते, "मी स्पष्ट सात सांगितलं होतं." आणि मी म्हणत होते, मला साठच ऐकू आलं. आम्ही दोघंही खरं बोलत होतो, पण ते ऐकून घ्यायला कोणी तयार नव्हतं.

सात आणि साठ जरा मोठ्याने म्हणून पाहा. फरक आहे तो फक्त शेवटच्या व्यंजनाचा. त दंत्य, म्हणजे जीभ दातांना लागते; ठ मूर्धन्य, म्हणजे जीभ टाळूला लागते, आणि महाप्राण, म्हणजे सोबत हवेचा झोत येतो. शब्दाच्या शेवटी आला की त्या ठ मधली हवा आपण निम्मी गिळूनच टाकतो. त्यात साध्या टेलिफोनवरून आवाजाचा साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जातो. व्यंजनं वेगळी ओळखायला मदत करणारा वरचा बारीक आवाज तिथेच छाटला जातो, आणि उरलेल्यावर यंत्राची घरघर.

क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञ-अभियंत्याने १९४८ साली मांडलेल्या आकृतीत हे सगळं आहे: स्रोत, प्रेषक यंत्र, माध्यम, त्यात घुसणारा व्यत्यय, ग्राहक यंत्र, आणि ज्याच्यासाठी संदेश आहे तो. तुमच्या नोट्समध्ये हीच आकृती असणार. पण त्यानेच सुरुवातीला स्पष्ट लिहिलंय की संदेशाचा अर्थ हा आपल्या अभियांत्रिकी प्रश्नाचा भागच नाही. त्याला चिन्हं बिनचूक पोचवायची होती. व्यत्ययावर त्याचा उपाय म्हणजे गरजेपेक्षा थोडं जास्त सांगणं. मालाच्या कामातली जुनी माणसं शॅनन न वाचता हेच करतात: "साठ, सहावर शून्य."

महिनाभराने आमच्यासाठी प्रशिक्षण ठेवलं. पडद्यावर गोल आकृती आली: शब्द ७ टक्के, आवाजाचा सूर ३८, देहबोली ५५. प्रशिक्षक म्हणाले, चूक शब्दांत नव्हती, सुरात होती. मी हात वर केला. "फोनवर देहबोली कुठून आली? आणि सात की साठ हे सुरावरून कसं कळावं?" ते म्हणाले, "आत्ताचा तुमचा सूरच बघा." सगळे हसले. ते हसणं मी विसरलेले नाही.

पुढे मी मुळाशी जाऊन वाचलं. ते आकडे अल्बर्ट मेहराबियन या मानसशास्त्रज्ञांच्या १९६७ मधल्या दोन प्रयोगांतून आले. त्यांत सुटे सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवले होते, एकात सोबत चेहऱ्यांची छायाचित्रं होती, आणि विचारलं होतं एवढंच की बोलणाऱ्याला समोरची व्यक्ती आवडते की नाही. भावना आणि आवडीनिवडींच्या बाहेर हे सूत्र लागू पडत नाही, असं खुद्द मेहराबियन यांनीच सांगितलं आहे. आता पेट्यांची संख्या कोणाच्या आवडीनिवडीत बसते?

बाकीच्या संकल्पनांपैकी एकच नीट धरा: प्रतिसाद. शॅननची मूळ रेघ एका दिशेने जाते. विल्बर श्राम या संज्ञापनाच्या अभ्यासकाने १९५४ मध्ये तिचं वर्तुळ केलं. मी म्हटलेलं "हो साहेब" हा प्रतिसाद नव्हताच, कारण त्यातून मला काय कळलं ते साहेबांना कळत नव्हतं. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ या स्पॅनिश बेटावरच्या धावपट्टीवर दोन जंबो विमानं आदळली, ५८३ माणसं गेली. त्याआधी नियंत्रकाने एका वैमानिकाला रेडिओवर "ओके" म्हटलं होतं. थांबायला सांगणारं पुढचं वाक्य दुसऱ्या विमानातूनही त्याच वेळी कोणी बोलल्यामुळे रेडिओच्या चिरकण्यात बुडालं. त्यानंतर नुसत्या "ओके"वर न भागवता सूचना शब्दशः परत म्हणण्यावर फार भर आला.

मग मी आकडा परत का म्हटला नाही? कारण साहेबांना उलट विचारणं उद्धटपणाचं वाटत होतं. पॉल वॉट्झलाविक हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये हेच मांडलं: प्रत्येक बोलण्यात एक मजकूर असतो आणि एक नातं असतं. नात्याने माझं तोंड बंद केलं आणि मजकूर चुकला. म्हणून माझं ठाम मत आहे की ज्याच्या हाती अधिकार आहे, त्यानेच फोन ठेवण्याआधी "काय ऐकलंत ते सांगा" म्हणायला हवं. "मी स्पष्ट सांगितलं होतं" याने त्याची जबाबदारी संपत नाही.

सूर आणि चेहरा बिनमहत्त्वाचे आहेत, असं मात्र यातून काढू नका. कोणी दात आवळून "मी रागावलेलो नाही" म्हणालं तर मीही चेहऱ्यावरच विश्वास ठेवीन. आणि वहीत ६० लिहिण्याआधी एकदा विचारायला हवं होतं, ती चूक माझी, ती मी तेव्हाही कबूल केली होती.

परीक्षेत तुमच्या सरांना ७-३८-५५ हवंच असेल तर लिहा, पण सोबत १९६७ हे साल आणि "फक्त भावना व आवडनिवड यांपुरतं" ही अट लिहा. गुण कापले तर कारण विचारा.