नऊ वर्षांच्या मुलाला नेमबाजीचे गेम खेळू द्यावेत का?

ताई, तुम्ही लिहिता, की तुमचा मुलगा नऊ वर्षांचा आहे, मॉलच्या गेम झोनमध्ये आणि घरी मोबाइलवर अंतराळयानं पाडायचे, नेम धरायचे गेम खेळतो. सासूबाई म्हणतात पोरगं मारकुटं होईल, दीर म्हणतात डोकं तल्लख होतं. खरं सांगू, मला त्या गोळीबारापेक्षा तुमच्या मोबाइलची काळजी जास्त वाटते.

दिरांच्या म्हणण्याला आधार आहे. 2003 साली ग्रीन आणि बॅव्हेलियर या संशोधकांनी ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात दाखवलं, की न खेळणाऱ्यांना रोज तासभर असे 10 दिवस अ‍ॅक्शन गेम खेळायला लावल्यावर त्यांची नजरेची एकाग्रता सुधारली. पण ती मोठी माणसं होती, आणि त्यातून पाढे पाठ होतील असं कुणी म्हटलेलं नाही.

सासूबाईंची भीतीही उगाच नाही. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने 2020 मध्ये म्हटलं, की हिंसक गेमचा ओरडणं, ढकलणं अशा वागण्याशी थोडा संबंध दिसतो. खऱ्या हिंसाचाराचं खापर मात्र त्यांच्यावर फोडण्याइतका पुरावा नाही. म्हणून रक्त सांडणारे, माणसं मारायचे गेम या वयात नकोच. यान पाडायला माझी हरकत नाही. सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत फुगे फोडायला बंदूक आपणच पोराच्या हातात देतो की!

आता मोबाइलचं. गेम झोनच्या मशीनवर जीव संपले की खेळ संपतो, मागे दुसरं पोर उभं असतं, कार्डातले पैसेही संपतात. मोबाइलवर जीव गेला की लगेच पाटी येते: जाहिरात बघा, पुन्हा जिवंत व्हा. बंद करायची फुली कोपऱ्यात, एवढीशी. मग चकचकीत पेटी, त्यात नवी बंदूक, आणि पैसे मागणारं बटण. पोराला थांबताच येऊ नये अशीच ती रचना असते. एकदा शेजारी बसून अर्धा तास बघा, स्वतःही खेळा.

प्ले स्टोअरवर गेमच्या पानावर वयाचा आकडा, जाहिराती आणि अ‍ॅपमधली खरेदी हे लिहिलेलं असतं. 12+ किंवा त्यावरचा असेल तर काढून टाका. प्रत्येक खरेदीला पासवर्ड लावा, अनोळखी लोकांशी चॅट बंद करा. घरात कुणाला फिट येत असतील तर लुकलुकणाऱ्या गेमबद्दल डॉक्टरांना आधी विचारा.

मे महिन्यात सोलापूरच्या दुपारी पोरांना बाहेर सोडता येत नाही, तेव्हा सरसकट बंदी टिकणार नाही. दुपारी ठरावीक वेळ द्या, ऊन उतरलं की मैदान. डाव चालू असताना फोन हिसकावू नका, भांडण तिथेच पेटतं. ‘हा डाव झाला की बंद’ हे सुरुवातीलाच ठरवा.

झोप, जेवण, मित्र सुटायला लागले आणि ठरवूनही त्याला थांबता येईना, तर बारा महिने वाट बघू नका. गेम आवरता न येण्याच्या आजाराच्या (गेमिंग डिसऑर्डर) व्याख्येत साधारण तेवढा काळ धरतात, पण आईने एवढं थांबायचं कारण नाही. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

गेमचं नाव कळवा, मी स्वतः खेळून बघतो आणि सांगतो.