शिकवून तयार केली की मुलगी निघून जाते

लहान पार्लर चालवणाऱ्या महिला माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात तेव्हा एक प्रश्न हमखास निघतो : नुकताच कोर्स पूर्ण केलेली मुलगी कामावर ठेवावी की नाही? पहिले काही महिने तिच्या चुका निस्तरायच्या, ग्राहकांची नाराजी सोसायची आणि तिचा हात बसला की ती जास्त पगाराच्या ठिकाणी किंवा घरपोच सेवा देणाऱ्या एखाद्या ॲपकडे निघून जाणार, ही त्यामागची धास्ती असते. ही धास्ती खोटी नाही. मात्र मुली निघून का जातात, याचे उत्तर मालकिणींना बहुतेक वेळा माहीत असते आणि तेच कोणी विचारत नाही, असे मला मेधाताईंच्या बाबतीत प्रकर्षाने जाणवले. त्यांचे नाव आणि ओळखीचे तपशील मी येथे बदलले आहेत.

लालबागमधल्या एका जुन्या चाळीच्या तळमजल्यावर मेधाताई 22 वर्षे पार्लर चालवत आहेत. दोन खुर्च्या, पडद्यामागे फेशियलचा एक बेड आणि मंगळागौरीपासून लग्नसराईपर्यंत पिढ्यान्‌पिढ्या येणारी घरे, असा त्यांचा व्याप. त्या माझ्याकडे आल्या तेव्हा उजव्या अंगठ्याच्या मुळाशी सूज होती आणि डॉक्टरांनी थ्रेडिंग, म्हणजे दोऱ्याने भुवया कोरण्याचे काम, कमी करायला बजावले होते. मदतीला कोणीतरी हवेच होते. पण आधी ठेवलेल्या दोन मुलींपैकी एक चार महिन्यांत आणि दुसरी सात आठवड्यांत सोडून गेली होती. त्यामुळे या वेळी त्यांनी भाच्याकडून एक करारपत्र टाइप करून आणले होते. तीन वर्षे काम सोडायचे नाही, मूळ प्रमाणपत्र पार्लरमध्ये जमा ठेवायचे आणि सोडल्यानंतर दोन किलोमीटरच्या आत कोठेही हे काम करायचे नाही, अशी त्यात कलमे होती.

करारपत्राबद्दलचे उत्तर सोपे होते. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 27 नुसार कोणालाही आपला कायदेशीर व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल ठरतो. त्यामुळे दोन किलोमीटरची अट कागदावरच राहिली असती. एखाद्या मुलीचे मूळ प्रमाणपत्र अडकवून ठेवणे तर मला कोणत्याच दृष्टीने योग्य वाटत नाही, आणि ते मी स्पष्ट सांगितले. पगार किमान वेतनापेक्षा कमी नसावा, आठवड्याची सुट्टी ठरलेली असावी, दोन्ही बाजूंनी एक महिन्याची पूर्वसूचना असावी आणि जाताना अनुभवपत्र मिळेल असे लिहून द्यावे, एवढा साधा कागद पुरेसा होता. मेधाताईंनी मान डोलावली खरी, पण त्यांचे समाधान झालेले नव्हते. मी पगार आणि सुट्टीबद्दल बोलत असताना त्या सारख्या अंगठा चोळत होत्या, आणि ते माझ्या लक्षात जरा उशिराच आले.

म्हणून मी वेगळे विचारले. “ताई, दुसरी मुलगी गेली, त्याच्या आधीच्या आठवड्यात पार्लरमध्ये काय काय झाले होते, ते आठवेल का तुम्हाला?”

त्यांना सगळे आठवत होते. रविवारची सकाळ होती आणि बाकावर तीन जणी थांबल्या होत्या. खुर्चीत जुन्या ओळखीच्या एक काकू भुवई ताणून धरून बसल्या होत्या. मुलीने उजवी भुवई अर्धी केली होती आणि खालच्या कमानीशी तिचा वेग मंदावला होता. काकूंनी डोळा किंचित बारीक केला, एवढेच. मेधाताई उठल्या, “दे इकडे, मी करते” म्हणाल्या आणि तिच्या बोटांतला दोरा काढून घेतला. मुलगी बाजूला झाली, तिने टेबलावरची पावडर उगाचच सरळ केली आणि मग केर काढायला घेतला. पुढच्या रविवारी ती आली नाही.

“असे किती वेळा होत असे?” या प्रश्नावर त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “रोजच, मॅडम. हात आपोआप पुढे जातो माझा.”

येथे त्यांना दोषी ठरवण्याचा माझा हेतू नव्हता. ज्या हातावर 22 वर्षे घर चालले तो हात दुसरीचे काम पाहून स्वस्थ बसत नाही, हे मला मनापासून समजते. पण नव्या मुलीच्या बाजूनेही पाहायला हवे होते. आयटीआयमधला कॉस्मेटोलॉजीचा अभ्यासक्रम एक वर्षाचा असतो, तर खासगी कोर्स कित्येकदा काही महिन्यांतच संपतात. सराव बहुतेक वेळा वर्गमैत्रिणी एकमेकींवरच करतात. त्यांची त्वचा तरुण असते आणि त्यांना घाई नसते. पन्नाशीच्या बाईची सैल पडलेली पापणी, विरळ झालेली भुवई आणि मागे बाकावर घड्याळ बघणाऱ्या तिघी, हे सारे त्या मुलीला पहिल्यांदा खऱ्या खुर्चीपाशीच भेटते. तेव्हा सुरुवातीला हात सावकाश चालणे, हा माझ्या मते नापास करण्याजोगा दोष नाही. वेग येतो, पण तो काम हातात राहिले तरच येतो.

काही गोष्टी मात्र पहिल्या दिवसापासून पक्क्या असायलाच हव्यात आणि मुलाखतीत त्याच पाहाव्यात, असे मी त्यांना सुचवले. प्रत्येकीसाठी नवा दोरा घेते का आणि तो दातांत न धरता मानेभोवती अडकवते का. वॅक्स लावण्याची, अंगावर टेकलेली काडी पुन्हा डब्यात बुडवत नाही ना. हेअर डाय लावण्याच्या 48 तास आधी कोपराच्या आत किंवा कानामागे पॅच टेस्ट, म्हणजे थोडासा डाय लावून त्वचेला त्रास होतो का याची चाचणी, घ्यायची असते, हे तिला माहीत आहे का. या गोष्टी ज्या हाताला ठाऊक आहेत तो हात सावकाश असला तरी ग्राहकाला इजा करणार नाही. याशिवाय दोन दिवसांची चाचणी घ्यावी आणि त्या दोन दिवसांचे पैसे द्यावेत, असेही मी आग्रहाने म्हटले, कारण चाचणीच्या नावाखाली फुकट काम करून घेण्याची पद्धत मला अन्यायाची वाटते.

पंधरा दिवसांनी दिव्याहून एक मुलगी चाचणीसाठी आली. तिला आपण सोनल म्हणू. लालबागजवळच्या करी रोड स्टेशनला फक्त धीम्या लोकल थांबतात, म्हणून ती घरून लवकर निघून दहाच्या आधीच दारात उभी होती. दुपारी अप्पर लिपचे वॅक्स करून घ्यायला एक कॉलेजची मुलगी बसली. मेधाताईंनी वॅक्स गरम करून ठेवले होते, तरी सोनलने आधी विचारले, “चेहऱ्याला डॉक्टरांनी दिलेली काही क्रीम लावता का?” त्या मुलीने वैतागून पिशवीतून ट्यूब काढून दाखवली. पिंपल्ससाठी रोज रात्री लावायची ॲडापलीन होती ती. अशा क्रीममुळे त्वचेचा वरचा थर नाजूक होतो आणि वॅक्सची पट्टी ओढताना केसांबरोबर सालही निघू शकते. सोनल म्हणाली, “मग आज वॅक्स नको. दोऱ्याने करते, थोडे दुखेल.”

हे सांगताना मेधाताई म्हणाल्या, “खरे सांगते मॅडम, मी विचारले नसते. नेहमीची मुलगी होती ना.”

पुढचा बेत आम्ही बसून ठरवला. हातापायांचे वॅक्सिंग, पेडिक्युअर आणि क्लीन-अप सोनल पहिल्या दिवसापासून एकटीने करील. थ्रेडिंग ती पहिला महिना आठवड्याच्या मधल्या, कमी गर्दीच्या दिवसांत करील आणि रविवारी मेधाताई करतील. ब्लीच व केसांची रासायनिक कामे तिने तूर्त फक्त पाहावीत. नेहमीच्या ग्राहकांना मेधाताईंनी स्वतः आधीच सांगावे की ही सोनल, शिकून आलेली आहे, तिला पाच मिनिटे जास्त लागतील. आणि सोनल काम करत असताना मेधाताईंनी खुर्चीपासून दूर, गल्ल्याच्या मागे बसावे. काही चुकले तर त्वचेला धोका असेल तेव्हाच उठावे, एरवी नाही. शेवटची अट त्यांना सर्वांत अवघड गेली. पहिल्या आठवड्यात त्यांनी मला दोनदा फोन केला आणि दोन्ही वेळा त्या दोरा घ्यायला उठल्या होत्या, एकदा तर अर्ध्या वाटेतून परत फिरल्या.

मग मी त्यांना विचारले, “ताई, तुमच्या भुवया कोण करते?” आरशासमोर उभे राहून त्या इतकी वर्षे स्वतःच करत आल्या होत्या. आता अंगठ्यामुळे ते जमत नव्हते आणि त्या वाढू देत होत्या.

बुधवारी दुपारी पार्लर रिकामे असताना त्या आपल्याच खुर्चीत बसल्या. सोनलने नवा दोरा तोडला, पावडर लावली आणि भुवई ताणून धरायला सांगितले. मेधाताई डोळे मिटून बसून राहिल्या. तेवढ्यात दोन ओळखीच्या बायका आत आल्या आणि बघत उभ्या राहिल्या, तरी त्या हलल्या नाहीत. उठून आरशात पाहिले तेव्हा डावी भुवई उजवीपेक्षा जराशी बारीक झाली होती. ते त्यांनी सोनलला संध्याकाळी, शटर अर्धे ओढल्यावर सांगितले.