बायबलमधल्या उत्पत्ती ५ मधल्या दहा नावांचे अर्थ जोडले की सुवार्तेचे वाक्य तयार होते, हे खरे आहे का?

आदाम, शेथ, अनोश, केनान, महललेल, यारेद, हनोख, मथुशलह, लामेख, नोहा. यांचे अर्थ ओळीने वाचले की ‘माणसाला मरणाचे दुःख नेमले आहे, पण धन्य देव खाली येऊन शिकवील, त्याचे मरण निराशांना विसावा देईल’ असे निघते, असा हा दावा. हिब्रूत ते वाक्य बसत नाही.

काही नावे ठीक आहेत. आदाम आणि अनोश म्हणजे माणूस, यारेदमध्ये ‘उतरणे’ हा धातू आहे, हनोखच्या धातूत ‘वळण लावणे’ आणि ‘अर्पण करणे’ हे दोन्ही अर्थ येतात (यहुद्यांच्या हनुक्का सणाचे नाव त्यातलेच). पण महललेल म्हणजे ‘देवाची स्तुती’. ‘धन्य’चा धातू निराळा. केनानचे ‘दुःख’ विलापगीताच्या ‘किना’ शब्दावरून ओढून आणलेले. लामेखला तर खात्रीचा हिब्रू धातूच नाही. मथुशलहात ‘मतू’ म्हणजे माणूस आणि ‘शेलह’ म्हणजे फेकायचे शस्त्र. ‘त्याचे मरण’ हवे असेल तर ‘मतू’चे ‘मोतो’ करावे लागते, म्हणजे नावच बदलावे लागते.

नाव तपासताना आधी मजकूर स्वतः काय सांगतो ते बघा. शेथचा खुलासा ४:२५ मध्ये आहे: देवाने हाबेलाऐवजी दुसरे मूल ‘दिले’, तिथे ‘शाथ’ हेच क्रियापद आहे. नोहाचा खुलासा ५:२९ मध्ये आहे, आणि तो फार सुंदर आहे. नाव ‘विसावा’ या धातूचे (स्ट्राँग क्रमांक ५११७; स्ट्राँगच्या बायबल शब्दसूचीत प्रत्येक मूळ शब्दाला असा क्रमांक असतो), पण बाप लामेख बोलतो ‘सांत्वन’ (५१६२). व्युत्पत्ती जुळत नाही, नाद जुळतो. आणि ६:६ मध्ये देवाला माणूस केल्याचा अनुताप होतो, तिथे पुन्हा तोच ५१६२. वंशावळीतल्या नावाचे महत्त्व असे पुढच्या कथेत उघडते; दहा नावांची माळ ओवून नाही.

मराठी स्पेलिंगवरून धातू शोधू नका. हनोख आणि नोहा यांतला ‘ह’ म्हणजे हिब्रूतले ‘हेथ’ अक्षर, महललेलातला ‘ह’ म्हणजे ‘हे’ नावाचे वेगळे अक्षर. मराठीत दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून स्ट्राँग क्रमांकावरूनच शोधा.

नावातला खरा हेतुपुरस्सर बदल पाहायचा असेल तर १ इतिहास ८:३३ मधला एश्बाल आणि २ शमुवेल २:८ मधला ईश-बोशेथ शेजारी ठेवा. दोघे एकच, शौलाचा मुलगा. बहुतेक अभ्यासकांच्या मते ‘बआल’ (कनानी देवाचे नाव) काढून तिथे ‘बोशेथ’, म्हणजे लाज, घातले आहे.