अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये जो बरोचे एकूण टचडाउन पास (थेट गुण मिळवून देणारे पास) ७८ आणि केस कीनमचे १५५. मग डोक्यावर बरोलाच का घेतात?

आकडे तुम्ही बरोबर काढलेत, पण तक्त्याच्या सगळ्यात खालच्या, बेरजेच्या ओळीवरच थांबलात. वरच्या ओळी एकेक करून वाचा. बरोच्या तक्त्यात चारच ओळी आहेत. दोन जवळजवळ रिकाम्या, एक जेमतेम, आणि चौथी अशी की पहिल्यांदा बघणाऱ्याला छपाईची चूक वाटावी.

आधी माझं सांगते. मी कोल्हापूरची. फुटबॉल म्हणजे शाहू स्टेडियम, पाटाकडील विरुद्ध शिवाजी, एवढंच डोक्यात. २०१६ मध्ये एमएससाठी कोलंबसला, ओहायो स्टेटमध्ये गेले आणि लाखभर माणसांच्या स्टेडियममध्ये हा हाताने खेळायचा फुटबॉल पाहिला. हंगामातला पहिलाच सामना बोलिंग ग्रीनशी होता, ओहायो स्टेटने तो ७७-१० असा जिंकला. तिसरा क्वार्टर संपायच्या आत आम्ही मैत्रिणी उठून जेवायला गेलो. असे एकतर्फी सामने झाले की शेपटाला राखीव पोरांना उतरवतात. बरो त्या राखीव पोरांतला. पहिला क्वार्टरबॅक (पास टाकणारा, खेळ चालवणारा खेळाडू) जे. टी. बॅरेट, तो जागा सोडेना. २०१७ च्या ऑगस्टमध्ये सरावात बरोचा हात मोडला आणि मागून आलेला ड्वेन हॅस्किन्स त्याच्या पुढे निघून गेला. दोन वर्षांत बरोने एकूण ३९ पास टाकले, त्यातले २९ झेलले गेले. त्यातून पुढे सरकलेलं अंतर २८७ यार्ड, आणि २ टचडाउन. हे आकडे लक्षात ठेवा, शेवटी लागतील.

तीन वर्षांत पदवी घेऊन २०१८ च्या मे महिन्यात तो बाहेर पडला. मीही त्याच महिन्यात डिग्री घेऊन बाहेर पडले, पण तो कोण हे तेव्हा मला धड माहीतही नव्हतं. पदवी पूर्ण केलेल्या खेळाडूला दुसऱ्या विद्यापीठात जाऊन लगेच खेळता येतं, हा नियम त्याच्या कामी आला. तो लुइझियाना स्टेटला, म्हणजे बॅटन रूजच्या एलएसयूला गेला. हातात दोन हंगाम उरले होते.

पहिल्या हंगामात, २०१८ ला, ३७९ पैकी २१९ पास पूर्ण, २,८९४ यार्ड, १६ टचडाउन, ५ इंटरसेप्शन (समोरच्यांनी मधेच पकडलेले पास). पूर्ण पासचं प्रमाण ५७.८ टक्के. अशा आकड्यांचा क्वार्टरबॅक अमेरिकेत दर शनिवारी पन्नास ठिकाणी दिसतो. त्या वर्षातला एकच सामना आवर्जून सांगावासा वाटतो, तो १ जानेवारी २०१९ चा फिएस्टा बोल (हंगामाअखेरच्या मानाच्या सामन्यांना बोल म्हणतात). समोर यूसीएफ, म्हणजे सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठ, सलग २५ सामने जिंकून आलेली. बरोचा एक पास त्यांनी सुरुवातीलाच मधे पकडला आणि थेट टचडाउनपर्यंत पळवला. पळणाऱ्याला अडवायला धावलेल्या बरोला बाजूने अशी धडक बसली की तो आडवाच झाला. उठला, आणि त्याच सामन्यात ३९४ यार्ड, चार टचडाउन. एलएसयू ४०-३२ ने जिंकली. पुढच्या वर्षाची चाहूल कुठे लागली असेल, तर इथे.

आता ती चौथी ओळ. २०१९ मध्ये ५२७ पैकी ४०२ पास पूर्ण, म्हणजे ७६.३ टक्के. ५,६७१ यार्ड, ६० टचडाउन, ६ इंटरसेप्शन. साधारण दर नवव्या पासला टचडाउन, आणि समोरच्याच्या हाती चेंडू जायचा तो सरासरी ८८ पासांतून एकदा. प्रत्येक पासमागे यार्ड आदल्या वर्षी ७.६ होते, ते १०.८ झाले.

कॉलेजचं पासर रेटिंग, म्हणजे पास टाकणाऱ्याचा गुणांक, कसं काढतात तेही बघा, म्हणजे फरक कळेल. यार्डांना ८.४ ने गुणायचं, टचडाउनला ३३० ने, पूर्ण झालेल्या पासांना १०० ने. या सगळ्याची बेरीज करून दर इंटरसेप्शनमागे २०० वजा करायचे आणि एकूण पासांनी भागायचं. बरोचं २०१८ चं उत्तर येतं १३३.२ आणि २०१९ चं २०२. तोच मुलगा, तोच संघ, मधे फक्त आठ महिने. (मी हे कागदावर मांडून पाहिलंय. गणित बरोबर आहे.)

आता तुमचा कीनम. त्याला कमी लेखायचं कारणच नाही. ह्यूस्टनसाठी २००७ ते २०११ खेळला, १९,२१७ यार्ड आणि १५५ टचडाउन. पण त्यासाठी त्याने २,२२९ पास टाकले, बरोने ९४५. २०१० मध्ये तिसऱ्याच सामन्यात त्याचा गुडघा गेला म्हणून त्याला आणखी एक वर्ष मिळालं, आणि त्या वर्षी, २०११ मध्ये, त्याने ६०३ पासांत ५,६३१ यार्ड काढले. बरोच्या ५,६७१ शी लावून बघा. चाळीस यार्डांचा फरक, पण बरोला ७६ पास कमी लागले. टचडाउन कीनमचे ४८, बरोचे ६०. सामना मात्र बरोने एक जास्त खेळला, १५ विरुद्ध १४, हेही सांगायला हवं.

समोर कोण होतं, हाही प्रश्न आहेच. ह्यूस्टन तेव्हा कॉन्फरन्स यूएसए या तुलनेने दुबळ्या गटात होती, आणि ते स्वप्नवत वर्ष गटाच्या विजेतेपदाच्या सामन्यात सदर्न मिस संघाने ४९-२८ ने संपवलं. एलएसयूने २०१९ मध्ये त्या त्या वेळी देशाच्या क्रमवारीत पहिल्या दहात असलेल्या सात संघांना हरवलं. ऑस्टिनमध्ये टेक्सासविरुद्धचा सामना मी ह्यूस्टनला एका ओळखीच्या मराठी घरी पाहिला. घरातला मुलगा टेक्सासचा, त्यामुळे वातावरण तापलेलं. एलएसयू सहा गुणांनी पुढे, शेवटची अडीच मिनिटं, तिसरा प्रयत्न आणि १७ यार्ड हवेत. चार प्रयत्नांत दहा यार्ड काढायचे असतात या खेळात, त्यामुळे तिसऱ्यावर १७ म्हणजे शहाणा संघ थोडक्यात आवरतं घेऊन चेंडू लाथेने लांब मारतो. समोरून माणसं अंगावर चालून आली. बरो बाजूला सरकला आणि मधोमध जस्टिन जेफरसनला पास दिला. तो ६१ यार्ड थेट टचडाउनपर्यंत पळाला. त्या घरात पुढची दहा मिनिटं कुणी कुणाशी बोललं नाही. ४५-३८, बरोचे ४७१ यार्ड. पुढे नोव्हेंबरात अलाबामाला त्यांच्या घरी ४६-४१ ने हरवलं. २०११ नंतर एलएसयूला ते जमलंच नव्हतं.

एका वर्षात इतका फरक पडला कसा, तर त्याचं मोठं श्रेय नव्या पद्धतीला. एलएसयूचा खेळ वर्षानुवर्षं जुन्या वळणाचा: माणसं दाटीवाटीने उभी करायची आणि चेंडू घेऊन धावायचं. २०१९ मध्ये न्यू ऑर्लीन्स सेंट्स या व्यावसायिक संघाकडून प्रशिक्षक जो ब्रेडी आला, आणि एलएसयूचा प्रशिक्षक स्टीव्ह एन्समिंगरबरोबर त्याने पाच-पाच जणांना पास झेलायला मैदानभर पसरवून ठेवलं. माणसं पसरली की बचावफळीलाही पसरावं लागतं, आणि कोण कुठे उभा आहे हे क्वार्टरबॅकला आधीच दिसतं. बघून ओळखणं हीच बरोची ताकद. वडील जिम बरो ओहायो युनिव्हर्सिटीत बचावफळीचे प्रशिक्षक होते, त्यामुळे समोरचा बचाव कसा विचार करतो हे त्याने घरीच ऐकलेलं.

आणि सोबतीला माणसं कोण होती! जमार चेसने २० टचडाउन झेलले, जेफरसनने १८. साठातले अडतीस या दोघांचेच. धावायला क्लाइड एडवर्ड्स-हेलेअर, त्याचे १,४०० च्या वर यार्ड. क्वार्टरबॅकला सांभाळणारी पुढची फळी तर त्या वर्षी देशातली सर्वोत्तम ठरली. म्हणून ‘एकट्या बरोने केलं’ असं कुणी म्हणालं तर मी मान्य करणार नाही. पण उलट बाजूही आहे: चेस आणि जेफरसन २०१८ मध्येही त्याच संघात होते. आणि बरो, जेफरसन, एडवर्ड्स-हेलेअर सगळे गेल्यावर २०२० मध्ये एलएसयूने पाच जिंकले, पाच हरले.

विक्रमांचं म्हणाल तर त्याचे मोठे विक्रम लवकरच मोडले. कोल्ट ब्रेननच्या २००६ मधल्या ५८ टचडाउनच्या पुढे बरो ६० वर गेला, २०२१ मध्ये बेली झॅपीने ६२ केले, तेही एक सामना कमी खेळून. रेटिंगमध्ये मॅक जोन्स पुढच्याच वर्षी २०३.१ वर गेला. तरी त्या दोघांचं वर्ष बरोच्या वर ठेवणारा मला अजून भेटलेला नाही. कोहलीची २०१६ ची आयपीएल आठवा, १६ सामन्यांत ९७३ धावा, चार शतकं. ती आपण एकूण धावांच्या यादीत शोधत नाही, तो हंगाम वेगळाच आठवतो. फरक इतकाच की कोहलीचा संघ अंतिम सामना हरला. बरोची एलएसयू पंधराच्या पंधरा जिंकली, शेवटचा क्लेम्सनविरुद्ध, न्यू ऑर्लीन्समध्ये, ४२-२५.

मात्र तुमचा प्रश्न ‘संपूर्ण कारकीर्द कुणाची भारी’ असा असता तर मी बरोचं नाव घेतलं नसतं, आणि कीनमचंही नाही. मी टिम टीबो म्हणाले असते. फ्लोरिडासाठी चार हंगाम, ८८ टचडाउन पास, वर स्वतः धावून ५७, आणि दोन राष्ट्रीय विजेतेपदं.

बरोला २०१९ ची हाइजमन ट्रॉफीही (कॉलेज फुटबॉलमधल्या वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान) मिळाली, मतांच्या विक्रमी फरकाने. स्वीकारताना त्याने आग्नेय ओहायोतल्या गरिबीबद्दल, उपाशी घरी जाणाऱ्या मुलांबद्दल दोन वाक्यं बोलली आणि त्याच्या गावाकडच्या अन्नवाटप केंद्रासाठी लोकांनी पाच लाख डॉलरच्या वर रक्कम जमा केली.

आता सुरुवातीचे ते आकडे. ओहायो स्टेटमध्ये दोन वर्षांत ३९ पैकी २९ पास, २८७ यार्ड, २ टचडाउन. २८ डिसेंबर २०१९ ला पीच बोलमध्ये ओक्लाहोमाविरुद्ध त्याने पुन्हा नेमके ३९ पास टाकले आणि नेमके २९ पूर्ण झाले. या वेळी यार्ड ४९३ आणि टचडाउन सात. सातही मध्यंतराच्या आत.